कोज्येतला ‘को’ कुठला?

प्रश्न असा आहे : भरती-ओहोटीवरील एका लेखात ‘पाण्याची उंची कोज्येने मांडता येते’ असे वाक्य आले आहे, येथे ‘कोज्या’ हे ‘कोसाइन’चे अर्धेमुर्धे भाषांतर समजायचे का, आणि साधी ‘ज्या’ (साइन) सोडून कोज्याच का घेतली?

भाषांतर मुळीच नाही. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची टोके जोडणारी रेषा ही ज्या ठरते. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास जी सारणी दिली ती अर्ध्या दोरीची, २२५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) टप्प्यांनी केलेली आणि ३४३८ कलांची त्रिज्या धरणारी आहे. पुढे ‘अर्ध’ हा शब्द गळाला आणि नुसती ‘ज्या’ उरली. ९० अंशांतून कंस वजा करून जो भाग उरतो त्याला कोटी म्हणत; त्या कोटीची ज्या ती कोटिज्या, आणि तिचेच आखूड रूप कोज्या. युरोपात एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली ‘को-सायनस’ लिहिले तेही पूरक कोनाच्याच अर्थाने, त्यामुळे दोन्हीकडचा ‘को’ जुळला हा योगायोग आहे, उसनवारी नव्हे. ज्यांना हे शब्द अपरिचित वाटतात तेही ‘त्रिज्या’ रोज म्हणतात. तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या, असा तिचा मूळ अर्थ आहे.

आता कोज्याच का? शून्य अंशाला ज्या शून्य असते, तर कोज्या सर्वांत मोठी असते. म्हणून घड्याळ ऐन भरतीला लावले तर कोज्या सोयीची, आणि पाणी चढताना मध्यपातळीला लावले तर ज्या. वक्र तोच, फक्त मोजणीचा आरंभ पाव आवर्तनाने सरकतो. समजा, मध्यपातळी २.५ मीटर, आयाम (मध्यपातळीपासूनचा सर्वाधिक चढ-उतार) १.५ मीटर आणि आवर्तकाल (एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंतचा वेळ) १२ तास २५ मिनिटे आहे. भरतीला उंची ४ मीटर भरेल, सुमारे ३ तास ६ मिनिटांनी कोज्या शून्य होऊन ती २.५ मीटरवर येईल आणि ६ तास १२ मिनिटांच्या आसपास ओहोटीला १ मीटर उरेल. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात (अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा), तोही याच आवर्तनाचा ठोकळ हिशेब आहे. मात्र उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक एका कोज्येत मावत नाही. त्यासाठी सूर्यामुळे येणारी १२ तासांची दुसरी कोज्या पहिलीत मिळवावी लागते.

लेखनात एक अडचण मात्र खरी आहे. ‘ज्या कोनाची ज्या काढायची’ यासारख्या वाक्यात सर्वनाम आणि संज्ञा एकमेकांच्या पायात येतात. अशा ठिकाणी मी ‘भुजज्या’ लिहितो, आणि वाचक शाळकरी असेल तर सरळ ‘साइन’.