चेक इंजिन लाईट लागलाय, कोड पी०१७१ आलाय, मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदला, साडेसात हजार. बदलू का? आणि घरी ठेवायला स्कॅनर कोणता घेऊ?

नका बदलू. निदान आज तरी नका. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण जवळपास एवढेच पैसे मी परभणीत ह्याच कोडवर घालवलेत.

माझी पेट्रोल सेडान. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस पत्र्याच्या शेडात सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी होती. बाहेर काढली अन् जिंतूर रोडला लागेस्तोवर पिवळा लाईट. उभी राहिली की थरथरायची, पळताना एकदम ठीक. वर्कशॉपवाल्यानं स्कॅनर लावला, पी०१७१ बघितला अन् दोन मिनिटात सांगितलं की सेन्सर गेला. मी म्हटलं आधी काही चेक तर करा. तर सोबत आमचे दाजी होते, ते म्हणे "कॉम्प्युटरनं सांगितलंय ना, मग कामून वाद घालायलास?" बदलला. तिसऱ्या दिवशी मानवतच्या पुढं लाईट परत हजर.

अरे, कोड म्हणजे पार्टचं नाव नसतं! पी०१७१ एवढंच सांगतो की पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय आणि ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, पेट्रोल वाढवून वाढवून हद्द गाठलीय. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता आणि आम्ही त्यालाच काढून फेकलं. दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला.

मग वसमतच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यांनी कोड बघून सोडून दिला आणि लाईव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे आकडे, उघडला. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, गाडी उभी असताना +२३, अॅक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमवर धरली की +५. म्हणाले "हवा चोरून शिरायलीय." उभ्या गाडीत इंजिन मुळातच हवा कमी ओढतं, त्यात चोरटी हवा जास्त भरते, रेस वाढली की तिचा वाटा कमी होतो. हेच आकडे रेस दिल्यावर वाढले असते तर पेट्रोल पंप नाहीतर फिल्टर बघायचा. मग हात खाली घालून ब्रीदरचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा) रबरी पाईप त्यांनी वाकवून दाखवला, वरून नवाकोरा, खालच्या बाजूला बोटभर चीर आणि कडेला उंदराच्या दातांच्या बारीक खुणा. चिरीवर अंगठा दाबला तशी सूंसूं थांबली आणि थरथर पण थांबली. पाईप ३४० रुपयाचा.

दाजी अजून म्हणतात योगायोग होता. मागच्या महिन्यात त्यांच्याच गाडीला पी०३०२ आला, दोन नंबर सिलेंडर मिसफायर, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही, त्यांना इंजेक्टर बदलायला सांगितलेलं. मी दोन नंबरची स्पार्कची कॉईल तीनवर आणि तीनची दोनवर टाकायला लावली. कोड पी०३०३ झाला, म्हणजे कॉईलच खराब. एक कॉईल बदलली, गाडी आजपर्यंत चालू आहे. आता ह्याला पण योगायोग म्हणायचं का दाजी?

स्कॅनर कोणताही घ्या, फक्त फ्युएल ट्रिम आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे इंजिनाचे आकडे, दिसलं पाहिजे. आणि कोड लगेच डिलीट करू नका, फ्रीझ फ्रेम पण त्याच्यासोबत जातं.

हां, एक राहिलं. माझ्या गाडीला आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आहे. तुमच्या गाडीला नुसता मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा, असेल तर हवा गळती असूनही आकडे एवढे वर जात नाहीत, उलट आयडल (उभ्या गाडीचा) आरपीएम चढलेला दिसतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाईप फुटला असेल तरी हाच कोड येऊ शकतो. आणि सेन्सर कधीच जात नाही असं पण माझं म्हणणं नाही, तो शेवटी बघा. लाईट लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवूच नका, धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतं आणि ते लई महागात पडतं.

उभ्या गाडीचा आणि २५०० आरपीएमचा आकडा इथं टाका, मग बघू.