वाचकांचे प्रश्न : ऑटिझम, केस कापणं, टॅब आणि ऑफिस

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. केस कापायला बसवलं की किंचाळतो, डोकं झटकतो. दोघांनी धरून ठेवल्याशिवाय होतच नाही. मोठा झाला की सवय होईल ना?

धरून ठेवल्याने सवय होत नाही, भीती मात्र अलीकडे सरकत येते. आज मशीनला घाबरणारा मुलगा उद्या खुर्ची पाहून रडतो आणि नंतर त्या रस्त्याला वळलं तरी. म्हणून धरणं आधी बंद करा. दोन महिने केस वाढले तर वाढू द्या.

त्याला नेमकं काय सोसत नाही, ते शोधायला हवं. मशीनची घरघर असेल किंवा कवटीत जाणवणारा तिचा कंप असेल. बराच वेळ चाललेल्या मशीनचं पातं गरम होतं, तेही असेल. मानेवर टोचणारे केस, गळ्याशी आवळलेलं कापड, पाण्याचा अचानक आलेला फवारा, परक्या बोटांचा हलका स्पर्श (घट्ट दाब चालतो पण हलका स्पर्श झोंबतो, असं पुष्कळ ऑटिस्टिक माणसं सांगतात) यांतलं काहीही असू शकतं. संवेदनांमधला हा फरक डीएसएम या निदान-पुस्तिकेच्या निकषांत २०१३ साली आला. त्याआधी तो 'हट्ट' म्हणून सोडून दिला जाई. काही घरांत आजही जातो.

घरी एकेक गोष्ट सुटी करून पाहा. एका दिवशी नुसतं कापड, दुसऱ्या दिवशी ओला कंगवा, मग बंद मशीन हातात, मग चालू मशीन पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. रोज तीन-चार मिनिटं पुरेत. खांदे वर जातात, श्वास अडकतो किंवा हात कानांकडे जातात, तिथे खरी अडचण आहे. तिथून एक पायरी मागे या आणि तो निवांत दिसू लागला की मगच पुढे जा.

अडचण कळली की उपाय बहुधा साधा असतो. फवाऱ्याऐवजी ओला कंगवा. मशीनऐवजी कात्री. कापडाऐवजी लगेच बदलता येईल असा जुना शर्ट, गळ्याभोवती मऊ सुती पंचा आणि संपल्यावर ताबडतोब अंघोळ. कान झाकणारे हेडफोन लावून वरचे आणि मागचे केस कापा. कानाजवळचे शेवटी, एका वेळी एकच बाजू मोकळी करून.

हे कधी संपणार, हे त्याला कळत नाही, याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. मोठ्याने दहापर्यंत मोजत कापा आणि दहाला थांबा. खरंच थांबा. 'एवढंच राहिलंय' म्हणून अकरावी कात्री चालवलीत, तर पुढच्या वेळी तुमच्या मोजण्यावर त्याचा भरवसा राहणार नाही. हात वर केला की कापणं थांबेल, असा इशाराही त्याला द्या. सुरुवातीला तो दर कात्रीला हात वर करील. करू द्या, इशारा चालतो की नाही हे तो तपासून बघतोय.

सलूनमध्ये दिवसातली पहिली वेळ मागा. गाणी आणि ड्रायर बंद ठेवायला सांगा. मागून हात लावण्याऐवजी समोरून दाखवून सुरुवात करायला सांगा. त्याच खुर्चीचे, त्याच माणसाचे चार-पाच फोटो क्रमाने लावून आदल्या दिवशी मुलाला दाखवा. तरीही मध्येच सगळं हाताबाहेर गेलं, तर अर्धे केस तसेच सोडून बाहेर पडा. त्या वेळी समजावणं, प्रश्न विचारणं, रागावणं, सगळं बंद. जवळ एकच माणूस, आवाज आणि उजेड कमी. सावरायला काही मिनिटं लागतील, कधी काही तास.

मुलगी चार वर्षांची आहे, बोलत नाही. स्पीच थेरपिस्टने टॅबवर चित्रं दाबून बोलायचं ॲप सुचवलंय. घरातले म्हणतात, सोपा मार्ग मिळाला की ती कधीच बोलणार नाही.

या भीतीला आधार नाही. आतापर्यंतच्या अभ्यासांत अशा साधनांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही. काही मुलांचं थोडंफार वाढलेलंच दिसतं.

टॅब फसतो तो मोठ्यांच्या वापरण्यामुळे. तो मुलीसमोर ठेवतात आणि 'दाखव, पाणी कुठेय?' अशी परीक्षा सुरू होते. उलट करा. तुम्ही बोलताना तुम्हीच चित्रं दाबा: 'झालं', 'अजून', 'बाहेर जाऊ'. तिच्याकडून लगेच काही मागू नका, मनात दहा मोजून वाट पाहा. हे काही महिने चालेल. खाऊ आणि खेळणी मागण्यापुरते शब्द ठेवू नका. 'नको', 'थांब', 'दुखतंय', 'मला आवडलं नाही' हे पहिल्या दिवसापासून हवेत. चित्रांच्या जागा बदलू नका, कारण बोटांना जागा पाठ होते. कार्टूनसाठी वेगळं यंत्र ठेवा. बॅटरी संपेल त्या वेळेसाठी तीसेक चित्रांचा छापील तक्ता पिशवीत असू द्या. आणि शिक्षा म्हणून टॅब कधीही काढून घेऊ नका. तो तिचा आवाज आहे.

नातू आनंदात आला की हात फडफडवतो. पाहुण्यांसमोर तरी थांबवावं का?

थांबवू नका, आजोबा. त्याने कुणाला इजा होत नाही आणि त्याचं मन त्यामुळे जागेवर राहतं. हात दाबून धरले की त्याचं सगळं लक्ष हात आवरण्यात जातं, मग ना गप्पा ऐकू येतात ना खेळ सुचतो. पाहुण्यांनी विचारलं तर 'खूश झालाय' एवढं सांगा.

मात्र डोकं आपटणं किंवा हात चावणं एकाएकी सुरू झालं, तर आधी डॉक्टरांकडून दात, कान आणि पोट तपासून घ्या. बद्धकोष्ठता हे वरचेवर सापडणारं कारण आहे. कुठे दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याचं दुखणं असंच बाहेर येतं.

मी ३४ वर्षांची आहे, निदान नुकतंच झालं. ऑफिसात सांगावं का?

तो निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. निदान न सांगताही बऱ्याच सोयी मागता येतात. सूचना तोंडी न देता लिहून मिळाव्यात, मीटिंगचे विषय आदल्या दिवशी कळावेत, बसायची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी आणि पाठीमागे भिंत असावी, दिवसातले दोन तास कुणी हाक मारू नये. 'मला गर्दी सोसत नाही' म्हटलं की सहानुभूती मिळते. 'खिडकीजवळची कोपऱ्यातली जागा हवी' म्हटलं की जागा मिळते. मागणी ईमेलवर करा आणि महिन्याने एकदा आढावा घ्या.

तुमच्यासारखं उशिरा निदान अनेक बायकांचं होतं. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली वर्णन केलेल्या ११ मुलांत ८ मुलगे होते आणि ऑटिझमचं चित्र पुढे मुलग्यांवरूनच पक्कं होत गेलं. त्यात मुली इतरांचं बघून हसणं, नजर, बोलण्याच्या लकबी उचलतात आणि निभावून नेतात. संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही ते त्यामुळेच. ऑफिसनंतरचा एक तास कुणाशीही न बोलण्याचा ठेवता आला, तर पाहा.

सहकाऱ्यांशी गैरसमज झाला की दोष आपलाच, असं धरून चालू नका. ऑटिस्टिक आणि इतर माणसं एकमेकांना ओळखण्यात दोन्ही बाजूंनी चुकतात, असं डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ साली मांडलं आणि नंतरच्या अभ्यासांतून त्याला पुष्टी मिळत गेली.

शरीरातले जड धातू काढून ऑटिझम बरा करतात म्हणे. लसीमुळे साचलेले असतात. करून बघावं का?

मुळीच नको. धातू काढायला देतात त्या औषधांनी रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, मुलं दगावलेली आहेत. लस आणि ऑटिझमची सांगड घालणारा १९९८ चा लेख तो छापणाऱ्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला. तो पैसा ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं जमावीत म्हणून दिलेली थेरपी), चांगल्या हेडफोनला किंवा वर सांगितलेल्या बोलण्याच्या टॅबला लावा.