आधी हिशेब वाच

प्रिय मुली,

‘शार्लटनं स्वतःला विकलं, असल्या कादंबरीवर मी प्रबंध कशाला लिहू?’ हे तुझं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. राग यायलाच हवा. पण तो काढतेयस कुणावर? आधी हिशेब वाच.

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ची. शार्लट लुकस २७ वर्षांची, रूप बेताचं, बापाकडे द्यायला फारसं काही नाही. कॉलिन्स नावाच्या मूर्ख पाद्र्याशी लग्न ठरल्यावर तिच्या भावांना हायसं वाटतं, कारण बहीण बिनलग्नाची मरायची भीती टळली. ऑस्टिन हे एका वाक्यात सांगते आणि आपण ते ओलांडून तिच्या मैत्रिणीच्या, नायिका एलिझाबेथच्या हजरजबाबीपणाकडे धावतो. एलिझाबेथला तरी काय मिळणार होतं? आईच्या पश्चात १००० पौंड, चार टक्क्यांनी. वर्षाला ४० पौंड! घरात मुलगा नाही, म्हणून राहतं घर जाणार नात्यातल्या याच कॉलिन्सला. आणि विवाहित बाईची मालमत्ता कायद्यानं तिच्या हाती यायला इंग्लंडात १८८२ उजाडलं. म्हणून म्हणते, आधी हिशेब.

मग शार्लटची खोली बघ. जेवणाची खोली मोठी, प्रसन्न. तरी ती बसते मागच्या खोलीत. तिथं कॉलिन्स फारसा फिरकत नाही. केवढी अक्कल आहे त्या बाईला!

मी वीस वर्षं तिला वर्गात हास्यास्पद करून शिकवलं. एका मुलीनं उत्तरपत्रिकेत तिची बाजू मांडली, तर मी ‘भावनाशून्य वाचन’ असा शेरा मारून मार्क कापले. महिन्याभरानं ती लग्नाची पत्रिका द्यायला आली, तेव्हाही मला काही उमगलं नाही. मलाही तसंच शिकवलेलं, शंभर मुलांच्या वर्गात पोर्शन संपवायचा असे, हे सगळं खरंच आहे. पण पुस्तक माझ्याच हातात होतं ना.

तू म्हणशील, ऑस्टिननं स्वतः लग्नाला नकार दिला. दिला. डिसेंबर १८०२, रात्री होकार, सकाळी नकार. २७ पूर्ण व्हायला दोनच आठवडे होते. पण वडील गेल्यावर भावांनी पैसे घालून आईला आणि बहिणींना सांभाळलं. शार्लटच्या भावांनी सांभाळलं असतं? यावर पहिलं प्रकरण लिही. ‘विकलं’ हा शब्द ठेवायचा तर ठेव, मात्र विकणारे कोण, ते त्याच वाक्यात हवं.

मसुदा रविवारी घेऊन ये. जेवायलाच ये.

तुझी,
बाई