पानावरचा प्रश्न घेऊन बाहेर पड

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

कादंबरी नीट कळायला बाहेरचं किती वाचायचं, असं तू विचारलंस. आधी प्रस्तावना बाजूला ठेव आणि कादंबरी सलग वाचून काढ. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की दुसऱ्याचं मत आपलंच वाटायला लागतं. जिथे अडशील तो पानक्रमांक वहीत टिप. शेवटी त्यातले तीनच प्रश्न निवड. सगळ्यांच्या मागे लागलं की टिपणं वाढतात आणि कादंबरी राहते बाजूला.

ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' घे. तिची नायिका यमू लहान वयात विधवा होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, मग यमूला ती वाट का नाही? त्या कायद्याचं दुसरं कलम वाच. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क जायचा. वर बहिष्कार होताच. एवढं कळलं की यमूचा कोंडमारा दोन-चार दुष्ट माणसांपुरता उरत नाही.

ही कादंबरी १८९० मध्ये निघालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. नेमकं तेव्हाच संमतिवयाच्या विधेयकावरून पुणं पेटलं होतं. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. त्याने बालविवाह बंद झाले, असं विद्यार्थी हमखास लिहितात. ते चूक आहे. कायद्याने शरीरसंबंधाच्या संमतीचं वय १० वरून १२ केलं. लग्नाच्या वयाला हात लावला तो १९२९ च्या सारडा कायद्याने. विधेयकाला विरोध करणारा टिळकांचा 'केसरी' आणि पाठिंबा देणारा आगरकरांचा 'सुधारक' यांचे त्या महिन्यांतले अंक शेजारी ठेवून वाच, एकावर विसंबू नकोस. ग्रंथालयात जाताना वर्ष आणि महिना लिहून ने. नुसते 'जुने अंक' मागितले तर दिवस फुकट जातो.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघड. आजचा अर्थ त्या काळावर लादला की वाक्यच फिरतं.

इतिहासालाही हीच रीत. जुन्या पत्रातला शक दिसला की सगळे ७८ मिळवून मोकळे होतात. पानिपत झालं शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीला. ७८ मिळवलेस तर १७६० येईल. पण तो दिवस १४ जानेवारी १७६१. इंग्रजी वर्ष मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात उलटतं, म्हणून तिथून फाल्गुनापर्यंत ७९ धरायचे. मार्गशीर्षाच्या अखेरची किंवा पौषातली तिथी असेल तर पंचांग किंवा जंत्री (तिथी-तारखांचे तक्ते) बघच.

उत्तर मिळालं की ते पान पुन्हा वाच आणि वाचनात काय बदललं ते दोन ओळींत लिही. काहीच बदललं नसेल तर ती माहिती निबंधात घालू नकोस, कितीही कष्टाने मिळवलेली असली तरी.

तुझे तीन प्रश्न पानक्रमांकांसह पाठव.