लेसरच्या आधी ओल्या पट्टीकडे पाहा

खानापूरच्या ताई, तुमच्या वडिलांचा गुडघा बदलून अठरा दिवस झाले आहेत, टाके निघाले आहेत, रात्री ठणका लागतो आणि फिजिओथेरपी केंद्राने लेसरच्या, म्हणजे दुखऱ्या भागावर लेसरचा प्रकाश टाकण्याच्या उपचाराच्या, दहा बैठका एकदम घ्यायला सांगितले आहे. आत धातू असताना लेसर चालतो का आणि त्याने जखम लवकर भरते का, असे तुम्ही विचारले आहे. पण त्याच मजकुरात, अगदी जाता जाता, जखमेच्या खालच्या टोकाला पट्टी रोज थोडी ओली होते असेही लिहिले आहे. ते वाक्य वाचून मला राहवले नाही, कारण २०२१ साली आईच्या गुडघ्याच्या वेळी मीही तेच वाक्य असेच जाता जाता उच्चारले होते.

मी डॉक्टर नाही. निपाणीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पुढचे सारे एका घराचा अनुभव आणि त्यानंतर केलेले वाचन एवढ्याच योग्यतेचे आहे. निर्णय तुमच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा.

आईची शस्त्रक्रिया बेळगावात झाली. पाचव्या दिवशी आम्ही तिला निपाणीला घरी आणले. बाराव्या दिवशी टाके काढले आणि त्याच दिवसापासून खालच्या टोकाला पाण्यासारखा, किंचित पिवळसर स्राव दिसू लागला. चौदाव्या दिवशी जवळच्या एका केंद्रात लेसर सुरू केला. तिथल्या माणसाला मी पट्टी दाखवली, तेव्हा त्याने अगदी आत्मविश्वासाने सांगितले, "लेसरच्या उष्णतेने आतले पाणी बाहेर पडते, हे भरून येण्याचे लक्षण आहे." स्राव लेसरच्या दोन दिवस आधीच सुरू झाला होता, हे मला ठाऊक होते. तरीही मी मान डोलावली. लेसरनंतर दोन-तीन तास ठणका खरोखरच कमी व्हायचा आणि आई शांत झोपायची, त्यामुळे शंका घ्यावी असे मला वाटलेच नाही. नऊ दिवसांत आठ बैठका झाल्या. तेविसाव्या रात्री तिला थंडी वाजून ताप आला.

याच नऊ दिवसांत रुग्णालयातून विचारपूस करणारा एक फोनही येऊन गेला होता. बोलणारी सिस्टर कन्नड भाषक होती आणि तिने "कीवु" येतो का, असे विचारले होते. आईचे माहेर आजऱ्याचे. बाजारापुरते कन्नड तिला येते, पण हा शब्द तिला माहीत नव्हता. मराठीत कीव म्हणजे दया. प्रश्न न कळताच तिने "होय होय, बरं आहे" म्हणून फोन ठेवला. मी घरी असतो तर कळले असते. म्हणून आपल्या भागातल्या प्रत्येक मराठी घराने शस्त्रक्रियेआधी हे शब्द कागदावर लिहून फोनजवळ ठेवावेत असे मला कळकळीने वाटते: कीवु म्हणजे पू, बावु म्हणजे सूज, ज्वर म्हणजे ताप. रुग्णाऐवजी फोन कोण घेणार, हेही आधीच ठरवावे.

बेळगावला पोहोचल्यावर सांध्यातील पाणी काढून तपासले आणि संसर्ग निघाला. पुन्हा भूल देऊन सांधा उघडून धुवावा लागला, मधला प्लास्टिकचा भाग बदलावा लागला आणि पुढे कित्येक आठवडे अँटिबायोटिक चालले. डॉक्टरांनी तेव्हा जे समजावले ते मी विसरणार नाही. कृत्रिम सांध्याच्या पृष्ठभागावर जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. तो पक्का होण्याआधी सांधा धुतला तर धातूचे भाग वाचण्याची शक्यता असते, उशीर झाला तर तेही काढावे लागू शकतात. आईचे वाचले. पण व्यायामाचे ते महत्त्वाचे आठवडे गेले, गुडघा पंच्याऐंशी अंशांपलीकडे वाकत नाही आणि आजही ती जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते.

हा संसर्ग लेसरमुळे झाला असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. लेसरने ठणका कमी केला आणि त्या आरामाच्या भरवशावर मी नऊ दिवस डॉक्टरांना फोन केला नाही, ही माझी चूक. गुडघा बदलल्यानंतर जखम साधारण पहिल्या आठवड्यात कोरडी व्हायला हवी. त्यापुढे पट्टी ओली होत असेल तर ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः पाहायला हवी. फिजिओने किंवा औषधाच्या दुकानदाराने पाहणे पुरेसे नाही. शरीरातला दाह दाखवणाऱ्या सीआरपी नावाच्या रक्ततपासणीचा आकडा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस वाढतो आणि मग उतरू लागतो. तो उतरून पुन्हा चढला तर डॉक्टर सावध होतात. आणखी एक: गावातल्या डॉक्टरांकडून आधीच अँटिबायोटिक गोळ्या सुरू करून बेळगावला जाऊ नका, कारण मग सांध्यातील पाण्याच्या तपासणीत जंतू सापडणे अवघड होते.

आता त्या केंद्राविषयी. डॉक्टरांनी मला विचारले की लेसर कोणता आणि किती दिला. केंद्राच्या कागदावर "लेसर, दहा मिनिटे" आणि पैशांची पावती, एवढेच होते. मी तीन दिवस फोन करत राहिलो. साहेब आल्यावर सांगतो, मशीनमध्ये प्रोग्राम ठरलेला असतो, तुम्हाला ते कळणार नाही, अशी उत्तरे मिळाली. मला याचा आजही संताप येतो, कारण हे कळणे मुळीच अवघड नाही. ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले वेळ, हे मी नववीच्या मुलांना शिकवतो. १०० मिलीवॅटच्या यंत्रातून एका मिनिटात ६ ज्यूल ऊर्जा मिळते आणि १० वॅटच्या यंत्रातून त्याच एका मिनिटात ६०० ज्यूल. शिवाय ती किती चौरस सेंटिमीटरवर पसरली, यावरही सारे अवलंबून असते. त्यामुळे नुसते "दहा मिनिटे" म्हणजे औषधाचे नाव आणि मात्रा न लिहिता "एक गोळी" लिहिण्यासारखे आहे. तरंगलांबी, वॅट, वेळ, क्षेत्रफळ आणि तारीख, एवढे प्रत्येक बैठकीला लिहून देत नसतील तर त्या केंद्रात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या उपचारात मात्रा वाढवली की गुण वाढतो असेही नसते. ठरावीक मर्यादेपलीकडे परिणाम उलट घटू शकतो.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. लेसर म्हणजे प्रकाश आहे, त्यामुळे आतला धातू ही कमी शक्तीच्या लेसरसाठी सहसा अडचण ठरत नाही. मात्र बऱ्याच केंद्रांत त्याच खोलीत शॉर्टवेव्ह डायथर्मीचे, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी आतपर्यंत उष्णता देणारे, यंत्र असते आणि दोन्हींना सरसकट "शेक" म्हटले जाते. डायथर्मीने धातूभोवतीची ऊती भाजू शकते, ती वडिलांना अजिबात देऊ नये. अर्ध्या वॅटपेक्षा जास्त शक्तीच्या लेसरने त्वचा तापते, सावळ्या त्वचेत जास्तच, आणि शस्त्रक्रियेनंतर त्या भागाला बधिरपणा असेल तर चटका बसलेला रुग्णाला कळत नाही. लावण्याआधी बाम, तेल काही नको. डोळे वाचवणारा चष्मा रुग्णालाही हवा, आणि तो त्या लेसरच्याच तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा हवा. यांतला बराचसा प्रकाश अवरक्त, म्हणजे न दिसणारा असतो, त्यामुळे डोळा आपणहून मिटत नाही.

उपयोगाविषयी म्हणाल तर हा उपचार भोंदूपणा नाही. १९६७ मध्ये बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांना उंदरांवर कमी शक्तीचा लेसर टाकल्यावर केस लवकर उगवलेले दिसले, तेव्हापासून यावर काम चालू आहे. कर्करोगाच्या उपचारांत तोंडात होणारे व्रण टाळण्यासाठी तो आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. गुडघा बदलल्यानंतरच्या वेदनेसाठी मात्र पुरावा तितका भक्कम नाही. माझ्या मते, जखम पूर्ण कोरडी असेल, डॉक्टरांची लेखी संमती असेल आणि गुडघा वाकवण्याचा व्यायाम रोज होत असेल, तर त्या व्यायामाला सोबत म्हणून तीन-चार बैठका घेऊन पाहायला हरकत नसावी. दहा बैठकांचे पैसे आधी भरू नका. आम्ही भरले होते, त्यामुळे मधेच थांबणे आणखी जड गेले.

पण हे सगळे नंतरचे. ताई, आज पट्टी बदलताना चांगल्या उजेडात तिचा फोटो काढा, डागाशेजारी नाणे ठेवा म्हणजे आकार कळेल, वडिलांचा ताप मोजून लिहा आणि ज्या वॉर्डातून घरी सोडले तिथे फोन करा. "पट्टी रोज ओली होते" हे वाक्य सर्वांत आधी सांगा, आणि उद्याची लेसरची बैठक तूर्त रद्द करा.