सबसिडिअरी विकली तर टॅक्स खरंच शून्य?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. आमची एक होल्डिंग कंपनी आहे, तिच्याकडे आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचे 100 टक्के शेअर्स 7 वर्षांपासून आहेत, म्हणजे ती तिची सबसिडिअरी. आता गिऱ्हाईक आलंय, साधारण 20 लाख पौंड नफा होईल. अकाउंटंट म्हणतो कॉर्पोरेशन टॅक्स शून्य. विश्वास बसत नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या नावावर भाड्याने दिलेला एक फ्लॅटही आहे, त्याने काही बिघडतं का?

उत्तर: अकाउंटंट खरं सांगतोय. ब्रिटनमध्ये 2002 पासून सबस्टॅन्शियल शेअरहोल्डिंग एक्झेम्प्शन, म्हणजे एका कंपनीने दुसरीतला मोठा हिस्सा विकला तर मिळणारी टॅक्सची सूट आहे, विकणाऱ्या कंपनीकडे विक्रीच्या आधीच्या 6 वर्षांत सलग 12 महिने निदान 10 टक्के शेअर्स असतील आणि विकली जाणारी कंपनी ट्रेडिंग, म्हणजे प्रत्यक्ष धंदा करणारी असेल तर नफ्यावर टॅक्स लागत नाही, नाहीतर 25 टक्क्यांनी 5 लाख पौंड गेले असते. त्यासाठी अर्ज करायची गरज नाही, सूट आपोआप लागू होते, पण त्यामुळेच तोटा झाला असता तर तोही वजा करता आला नसता, हे कुणी सांगत नाही.

फ्लॅटचं मात्र नीट बघा. ट्रेडिंगशिवायची कामं 'सबस्टॅन्शियल', म्हणजे मोठ्या प्रमाणात नकोत, आणि एचएमआरसी (ब्रिटनचं टॅक्स खातं) ढोबळमानाने 20 टक्क्यांच्या वर गेलं की प्रश्न विचारते, त्यात भाड्याचं उत्पन्न, फ्लॅटची किंमत, खर्च, माणसांचा वेळ असं सगळं एकत्र बघतात. बँकेत नुसती पडून राहिलेली मोठी रक्कमही अडचण करू शकते. आणि विक्रीच्या महिनाभर आधी फ्लॅट बाहेर काढून भागत नाही हो, ट्रेडिंगची अट साधारणपणे विक्रीआधीचे सगळे 12 महिने पाळलेली लागते! म्हणून सह्या करण्याआधी मागच्या वर्षाचे हिशोब या नजरेने तपासून घ्या, शंका असेल तर एचएमआरसीकडे क्लिअरन्स, म्हणजे त्यांचं लेखी मत मागा.

अजून एक, ही सूट कंपनीला आहे, तुम्हाला नाही. पैसे होल्डिंग कंपनीतच ठेवून नवा धंदा करणार असाल तर उत्तम, पण सगळे एकदम डिव्हिडंड म्हणून घरी आणले तर सगळ्यात वरच्या स्लॅबला 39.35 टक्के जातात. भारतात तर ही सोयच नाही, तिथे अनलिस्टेड शेअर्स 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकले तरी कंपनीला 12.5 टक्के आणि वर सरचार्ज, सेस भरावाच लागतो, त्यामुळे तिकडच्या कुणाचा सल्ला इथे लावू नका.