लाल पेशी आणि प्लेटलेट एकाच डब्यात आणू नका

ताई, सासऱ्यांचं ऑपरेशन ठाण्यात घोडबंदर रोडला आणि रक्त वाशीच्या रक्तपेढीतून, म्हणून 'सगळं एकाच डब्यात बर्फ टाकून आणू का' असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. रक्तपेढीत टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढली, सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच होताना पाहिलंय.

लाल पेशींची पिशवी, म्हणजे पीसीव्ही, थंडच हवी. पेढीत ती 2 ते 6 अंशांवर असते. वाटेत 10 च्या वर जाता कामा नये. पण बर्फ पिशवीला थेट टेकला की तिथल्या पेशी गोठून फुटतात. त्यांतलं हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम पेशंटच्या अंगात गेलं तर मूत्रपिंडावर, हृदयावर बेतू शकतं. आइस पॅक आणि पिशवी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा हवाच.

प्लेटलेटचं नेमकं उलटं. त्यांना 20 ते 24 अंश लागतात, पेढीत त्या सतत हलत्या यंत्रावर ठेवलेल्या असतात. थंडी लागली की चपट्या पेशी गोल होतात आणि शरीर त्यांना पटकन काढून टाकतं. पिशवी चढवूनही काउंट वाढत नाही. चांगली पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हलवली की आत धुरासारखे चमकदार भोवरे फिरतात. पेढीतच दाखवायला सांगा. वेगळा डबा, बर्फ नाही, आणि गाडीचा एसी चालू. दुचाकीच्या डिकीत तर नकोच.

संध्याकाळी निघालात तर माजिवडा, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकणारच. म्हणून ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला आधी फोन करून पिशवी कधी लागणार ते विचारा, मगच इश्यू करून घ्या. खरं तर हे काम नातेवाइकांचं नाहीच. हॉस्पिटलनं आपला माणूस आणि पेटी पाठवायला हवी. हक्कानं मागा.

पोहोचल्यावर डबा रिसेप्शनवर ठेवून निघू नका. पिशवी थेट सिस्टरच्या हातात द्या, नाव, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत तुमच्यासमोर जुळवून घ्या. वॉर्डातल्या इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये ती ठेवू देऊ नका, त्याच्या तापमानावर कुणाचंच लक्ष नसतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेली लाल पेशींची पिशवी पेढी परत साठ्यात घेत नाही, आणि चढवायला लागल्यापासून 4 तासांत ती संपायला हवी.

लाल पेशींच्या पिशवीत वर साठलेला द्रव लालसर दिसला, गुठळ्या दिसल्या किंवा रंग काळपट-जांभळा वाटला, तर चढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि पेढीला लगेच फोन करा.